खासनीसांच्या गाडीतला वास

स्नेहलता खासनीसने माफी मागितली आणि तोंड मिटायच्या आत तिला कळलं, की ही आपण मागायला नको होती.

लुडविग्सहाफेनमधलं ऑफिस सुटलं होतं. गाडी मुटरश्टाटच्या रस्त्याला लागली होती, दोन्ही बाजूंना मुळ्याची आणि कांद्याची शेतं, उन्हात पाण्याचे फवारे. शेजारच्या सीटवर रेनाटे क्युब्लर. त्याच इमारतीत एक मजला खाली राहणारी, त्याच प्रयोगशाळेत हिशेबाच्या टेबलावर बसणारी, आणि रोज स्नेहलताच्या गाडीतून जाणारी-येणारी. रेनाटेने पर्स मांडीवर घट्ट धरली आणि घसा साफ केला.

"फ्राऊ खासनीस, मला एक बोलायचंय. कृपया पर्सनली घेऊ नका."

इतकी वर्षं या देशात काढल्यावर स्नेहलताला एवढं कळत होतं, की 'पर्सनली घेऊ नका' म्हटलं की पुढे जे येतं ते थेट आपल्या अंगावर येतं.

"बोला ना."

"गाडीत वास येतो."

"हो... ऊन वाढलंय."

"उन्हाचा नव्हे. जेवणाचा. तो तुमचा स्टीलचा डबा असतो ना. मसाले छानच असतात हो, मलासुद्धा करी आवडते. पण बंद गाडीत, सकाळी सकाळी..." रेनाटेने वाक्य खिडकीबाहेरच्या मुळ्यांकडे सोडून दिलं.

"एन्टशुल्डिगुंग," स्नेहलता म्हणाली. सॉरी.

"नाही नाही, तसं काही नाही. फक्त सोमवारपासून काही दिवस मी बसने जाईन म्हणते."

"गेनाऊ," स्नेहलता म्हणाली.

गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. काय बरोबर? कशाला बरोबर? घरी येईपर्यंत ती स्वतःलाच कोपरखळ्या मारत होती. एन्टशुल्डिगुंगही दिलं, वर गेनाऊचा अहेरही दिला!

स्नेहलता तशी भांडखोर नव्हे. चिंचवडला रंगाच्या कारखान्यात ती क्वालिटी लॅबमध्ये होती. डब्यातला रंग आणि कागदावरचा रंग यांत फरक दिसला, की ती कोणाचीही भीड न ठेवता डबा परत पाठवायची. मॅनेजर यायचा, म्हणायचा, "मॅडम, ऑर्डर थांबलीय, एवढं कोण बघतं?" ती म्हणायची, "मी बघते." पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी जर्मनीत आली, भाषेच्या वर्गात बसली, आपल्या पदवीला इथे मान्यता मिळवायला खेटे घातले, आणि पुन्हा एका लॅबमध्ये उभी राहिली. छोटीच लॅब, पण पांढरा कोट तिचा होता. मात्र या सगळ्या प्रवासात 'मी बघते' कुठेतरी मागे राहिलं आणि जिभेवर एन्टशुल्डिगुंग येऊन बसलं. जिन्यात कोणी आडवं आलं तरी एन्टशुल्डिगुंग, कोणी तिच्या पायावर पाय दिला तरी एन्टशुल्डिगुंग, तेही हिचंच.

घरी तिने सांगितलं तर श्रीपाद लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "मी इतके दिवस बोललो नाही, एवढंच."

"म्हणजे? तुलाही येतो वास?"

"येतो ना. मला वाटलं, आपलाच आहे, काय बोलायचं."

"आपलाच म्हणजे?"

"म्हणजे... आपल्या जेवणाचा. हिंग, लसूण. सीटमध्ये मुरतं ते."

शैलाताई, म्हणजे श्रीपादच्या आई, पाडव्याआधी पुण्याहून आल्या होत्या. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी हलक्या हाताने भर घातली, "हिंग जरा जास्तच असतो हो तुझा, स्नेहल. चांगला लागतो, पण असतो."

मुलगी ऊर्जा फ्रीजमधून ज्यूस काढता काढता म्हणाली, "मामा, एस श्टिंक्ट. एश्त." मम्मी, घाण वास येतो, खरंच. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. गेले काही दिवस ती शाळेच्या एक गल्ली अलीकडेच उतरायची. चालायला बरं असतं, म्हणायची. आता त्या चालण्याचा अर्थ स्नेहलताला लागला.

घरातल्या सगळ्यांचं मत एकीकडे आणि ती एकटी एकीकडे. मग तिने डबा बंद केला. ब्रेड, चीज, काकडी. कँटीनमध्ये बसून ते गारढोण सँडविच चावताना तिला वाटायचं, आपण पुठ्ठा खातोय आणि वर आभार मानतोय. श्रीपादने आरशाला कागदाचं एक सुगंधी झाड टांगलं. त्यानंतर गाडीत वास यायला लागला तो असा, की व्हॅनिलाच्या केकमध्ये कोणीतरी ओले मोजे भाजायला घातलेत.

आणि तिथेच स्नेहलताची मान ताठ झाली. डबा नाही, तरी वास आहे. कमी नाही, उलट वाढलाय!

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ती पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिली. काचा बंद, इंजिन बंद. हुंगलं. व्हॅनिला होता, बाकी फारसं काही नाही. मग गाडी चालू करून तिने पंख्याचं बटण फिरवलं.

वास आला! समोरच्या जाळ्यांतून, थेट नाकावर. पंखा बंद केला, वास ओसरला. पुन्हा चालू, पुन्हा हजर.

घरात शिरता शिरता तिने दारातूनच आवाज दिला, "श्रीपाद! माझी भाजी पंख्याच्या बटणावर शिजते का?"

"काय?"

"वास सीटमधून येत नाही. हवेतून येतो. आत कुठेतरी फिल्टर असतो, एसीचा. तो बघायला हवा."

"मग वर्कशॉपची अपॉइंटमेंट घेऊ. सोमवारी फोन करतो. पुढच्या महिन्यात मिळेल."

"पुढच्या महिन्यापर्यंत मी पुठ्ठा खाऊ?"

"कसला पुठ्ठा?"

"आणि तिथलाही माणूस दार उघडेल, मला बघेल, नाक वर करेल आणि म्हणेल, आहा, करी! नको. मी उघडते."

"तू?" श्रीपाद हसला. वाईट नाही हसला तो, पण हसला. "अगं, त्याला टूल्स लागतात."

"बघू काय लागतं."

गाडीच्या पुस्तकात पान होतं. इथे त्याला पोलनफिल्टर म्हणतात. समोरच्या सीटपुढचा खण काढायचा, त्याच्या मागे एक झाकण, झाकणामागे फिल्टर. पानभर चित्रं, आणि एकाही चित्रात पाना नाही की पक्कड नाही. नुसते दोन हात. स्नेहलताने ते पान श्रीपादच्या कीबोर्डवर ठेवलं. शनिवारी सकाळी ती स्पेअर पार्टच्या दुकानातून नवा फिल्टर घेऊन आली, आत काळा कार्बन असलेला, वास धरून ठेवणारा.

दुपारी पार्किंगमध्ये खासनीसांचा दरबार भरला. शैलाताई घडीच्या खुर्चीवर, डोक्यावर नातीची टोपी. श्रीपाद हातात फोन घेऊन, कारण त्याला एक व्हिडिओ सापडला होता, याच मॉडेलचा, पिंपरीतल्या कुठल्याशा मेकॅनिकचा. आणि स्नेहलता हातात लॅबचे मोजे चढवून, तोंडाला मास्क लावून.

"मास्क कशाला?" श्रीपादने विचारलं.

"आत काय आहे ते आपल्याला माहीत नाही म्हणून."

"आणि एक सांगू का? इमारतीच्या हाउसऑर्डनुंगमध्ये नियम आहे, पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायची नाही." त्याने वर बघितलं. त्यांची गाडी रेनाटेच्या बाल्कनीखालीच उभी असायची. बाल्कनीत जिरेनियमच्या कुंड्या आणि पक्ष्यांना दाणे घालायचं लाकडी घरटं, आणि सध्या तरी कोणी नव्हतं.

"मी दुरुस्ती कुठे करतेय? मी खण आवरतेय."

आणि तिने खरोखरच आवरायला घेतलं. खणातून पार्किंगची वेळ दाखवणारी निळी तबकडी निघाली, गाडीचे कागद, टिश्यूची पाकिटं, बडीशेपेची डबी, कुंकवाची पुडी. "ही माझी," शैलाताई म्हणाल्या आणि पुडी त्यांनी पदराखाली घेतली. पाडव्याला गाडीची पूजा त्यांनीच केली होती. गाडी सेकंडहँड, पण खासनीसांच्या घरी नवी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, वायपरपाशी झेंडू, आणि काचेवर सढळ हाताने अक्षता.

रिकाम्या खणाच्या दोन्ही कडा तिने आत दाबल्या. तो खाली कलला आणि एका दोरीवर लोंबकळत राहिला.

"दोरी सोडव," श्रीपाद फोनमध्ये बघून म्हणाला. "सुटली? छान. आता झाकण दिसतंय? त्याला दोन खिट्ट्या आहेत. हा म्हणतोय, आधी डावीकडची दाबायची, मग झाकण उजवीकडे ओढायचं."

"डावीकडची दबत नाहीये."

"जोरात दाब. हा जोरात दाबतोय."

तिने दाबली. ओढलं. कट्ट!

प्लॅस्टिकचा छोटासा तुकडा पायपुसणीवर पडला होता.

"तुटलं," स्नेहलता म्हणाली.

"मी म्हटलं होतं, वर्कशॉप..."

"अरे श्रीपाद," खुर्चीवरून शैलाताई म्हणाल्या, "दाखव बघू तो माणूस." त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "याचं स्टिअरिंग कुठेय?"

"असेल ना तिथेच."

"तिथेच कुठे? उजवीकडे आहे. ही आपल्याकडची गाडी आहे. याचा खण डावीकडे. तुझ्या बायकोला तू उलटं सांगतोयस मघापासून."

श्रीपादने फोनकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. मग अंगठ्याने व्हिडिओ हळूच बंद केला.

"आल्झो, तर मग," स्नेहलता म्हणाली. मास्कच्या आत ती हसत होती, पण ते त्याला दिसू नये एवढी काळजी तिने घेतली. "आता मी पुस्तकात बघून करते. तू टॉर्च धर. नुसता धर."

उजवीकडची खिट्टी बोटभर दाबाने सुटली. झाकण आलं. आणि झाकणापाठोपाठ वास आला, असा, की शैलाताईंनी पदर नाकाला लावला आणि श्रीपाद टॉर्चसकट दोन पावलं मागे गेला.

"इकडे! उजेड इकडे!"

उजेड आला. फिल्टर तिथे होता, पण दिसत नव्हता. त्याच्यावर एक गादी होती. टिश्यूच्या चिंध्या, गवत, कसलासा करडा कापूस, सगळं गोल गोल फिरवून, दाबून, मध्ये मऊ खळगा केलेली गादी. खळगा रिकामा होता. घरमालक बाहेर गेलेले दिसत होते, की कायमचे सोडून गेले होते कोण जाणे. मागे मात्र त्यांनी ओल, काळ्या लेंड्या आणि संसार ठेवला होता.

"उंदीर!" शैलाताई म्हणाल्या.

"उंदीर," स्नेहलता म्हणाली, आणि तिच्या आवाजात असा काही आनंद होता, की श्रीपादने चमकून पाहिलं. "उंदीर आहे! हिंग नाही, लसूण नाही. उंदीर!"

वरच्या खिडकीतून ऊर्जा किळसून ओरडली, "ईऽऽ! एकेलहाफ्ट!" आणि खिडकी बंद झाली.

"थांबा, कोणी हात लावायचा नाही. झटकायचं तर मुळीच नाही, धूळ नाकात जाता कामा नये." स्नेहलता आता पांढऱ्या कोटातली स्नेहलता झाली होती. तिने जंतुनाशकाची बाटली घेऊन गादी भिजवली, थोडं थांबली, मग फिल्टर दोन्ही हातांनी सरळ ओढून गादीसकट पारदर्शक पिशवीत उतरवला. पिशवी उजेडात धरली.

आणि तिचा हात तिथेच राहिला.

गादीत झेंडूच्या पाकळ्या होत्या, वाळून विटकरी झालेल्या. आणि तांदळाचे दाणे. अख्खे, अर्धे, कुरतडलेले. प्रत्येक दाण्यावर कुंकवाचा लालसर रंग.

शैलाताई खुर्चीवरून उठल्या. जवळ आल्या. त्यांनी पिशवीत बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम लहान झाला.

"या माझ्या अक्षता," त्या म्हणाल्या.

श्रीपाद लगेच आईकडे वळला. "आई! मूठभर टाकल्यास तू! काचेखालच्या त्या जाळीतून सगळं आत जातं. मी तेव्हाच म्हणणार होतो!"

"तेव्हा तू फोटो काढत होतास," स्नेहलता म्हणाली. "आणि म्हणत होतास, आई, अजून एकदा टाक, नीट आलं नाही."

"तसं नाही..."

"तसंच. फोटो आहे फोनमध्ये. काढू?"

शैलाताई पिशवीकडेच बघत होत्या. "आणि मी तुझ्या हिंगाला नावं ठेवली गं. माझ्या अक्षतांनी तुला इतके दिवस ब्रेड खायला लावला. पुढच्या पाडव्याला नको बाई, नुसता नमस्कार करू गाडीला."

"अहो आई, नमस्कार पण करू आणि अक्षता पण टाकू. जाळीवर आधी टॉवेल पसरायचा, एवढंच. उंदराला घाबरून पूजा बंद करायची म्हणजे काय?"

श्रीपादने आवाज खाली आणला. "ते आपलं आपण बघू. पण स्नेहल, रेनाटेला एवढंच सांग, फिल्टर खराब झाला होता, बदलला. तांदूळ, पूजा वगैरे काढू नकोस."

"का?"

"उगीच. आधीच त्यांना वाटतं, आपण जरा..."

"जरा काय?"

"विचित्र."

स्नेहलताने मास्क खाली ओढला. "श्रीपाद, मी तिची माफी मागितली होती. माझ्या डब्याची. जो डबा मी माझ्या हातांनी करते, त्याची. ती माफी तिच्या घरात पडून आहे. ती मला परत हवीय. अर्धवट खरं सांगून मिळेल का ती?"

श्रीपाद काही बोलणार, तेवढ्यात वरून काहीतरी टप टप पडलं. गाडीच्या टपावर, काचेवर, आणि घरंगळत वायपरच्या मागे, त्याच जाळीत. तिघांनी वर पाहिलं. बाल्कनीतल्या लाकडी घरट्यावर दोन चिमण्या भांडत होत्या. खाली पडत होत्या सूर्यफुलाच्या बिया.

स्नेहलताने पिशवी पुन्हा उजेडात धरली. या वेळी तिने लाल दाण्यांच्या पलीकडे पाहिलं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची टरफलं. ढीगभर. तांदूळ त्यांच्यापुढे चव घ्यायला ठेवल्यासारखा होता.

"फ्राऊ क्युब्लर!" तिने हाक मारली. इमारतीत शनिवारी दुपारी कोणी अशी हाक मारत नाही. "फ्राऊ क्युब्लर! जरा खाली येता?"

"स्नेहल, हळू..."

"हळूच बोलले होते मागच्या वेळी."

रेनाटे बागेतल्या चपला घालून खाली आली. आधी उघड्या गाडीकडे बघितलं, मग लोंबणाऱ्या खणाकडे, मग पिशवीकडे. पिशवीपाशी ती थबकली.

"ओ गॉट! हे काय?"

"गाडीतला वास," स्नेहलता म्हणाली. "उंदरांचं घरटं. फिल्टरवर होतं. पंखा लावला की यातून हवा यायची. तुमच्याही नाकात आणि माझ्याही."

"म्हणजे जेवण..."

"जेवण नाही. आता नीट बघा. हे तांदूळ आमचे. पाडव्याला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, सासूबाईंनी गाडीची पूजा केली. गाडीने सगळ्यांना सुखरूप न्यावं-आणावं म्हणून तांदूळ वाहतात. तुम्ही नाही का, काही वाईट होऊ नये म्हणून लाकडावर टकटक करत. आमचे तांदूळ असतात."

श्रीपाद आकाशाकडे बघत होता. शैलाताईंना जर्मन कळत नव्हतं, पण आपला विषय चाललाय हे कळत होतं. त्या पदर सारखा करून ताठ उभ्या राहिल्या.

रेनाटेने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. "गाडीत मीही होते. म्हणजे माझ्यासाठीही झाली ती पूजा."

"गेनाऊ," स्नेहलता म्हणाली. या वेळचा गेनाऊ तिचा स्वतःचा होता. "आणि या बिया?"

रेनाटे वाकली. टरफलं बघितली. मग तिची मान अगदी हळू, नको नको म्हणत असल्यासारखी, वर बाल्कनीकडे गेली. तिथे चिमण्यांनी आणखी एक दाणा खाली सोडला. तो टपावर टप्पा खाऊन तिच्या चपलेपाशी आला.

"त्या पक्ष्यांसाठी आहेत," ती म्हणाली.

"पक्षी सांडतात."

"हो. सांडतात." तिच्या गळ्याजवळ लाली चढली होती. "दाण्यांचं घरटं मी आजच दुसऱ्या बाजूला लावते. मला खरंच वाटलं होतं, की तुमचा डबा..."

"माहीत आहे. म्हणून मी त्या दिवशी एन्टशुल्डिगुंग म्हणाले. ते मी परत घेते."

रेनाटेने भुवया उंचावल्या. "माफी परत घेता येते?"

"मी घेतेय ना."

"म्हणजे मसाल्याचा वास मुळीच नव्हता?"

इथे स्नेहलताला सोपं उत्तर देता आलं असतं. मुळीच नव्हता, म्हटलं असतं की संपलं.

"असेलही कधीतरी. कांदा-लसणाची भाजी आहे, गुलाब नाही. पण तो जेवणाचा वास आहे, घाणीचा नाही. त्याची माफी मी मागणार नाही. या वेळी नाही, पुढच्या वेळीही नाही."

रेनाटेने चपलेपाशी पडलेली बी उचलली, खिशात टाकली, शैलाताईंना 'आउफ विडरझेन' म्हटलं आणि वर गेली. शैलाताईंनी उलट नमस्कार केला.

"रागावली का गं ती?"

"माहीत नाही, आई."

"तुला चालेल रागावली तर?"

स्नेहलताने जरा विचार केला. रोजच्या रस्त्यावरची सोबत, ट्रॅफिकमधल्या गप्पा, ऑफिसातल्या साहेबांच्या नकला, रेनाटे त्या फार छान करायची. "आवडणार नाही," ती म्हणाली. "पण चालेल."

मग तिने पोकळीत पुन्हा फवारा मारला, ओल्या कागदाने कोपरान् कोपरा पुसला, एकही दाणा राहू दिला नाही. नव्या फिल्टरच्या कडेला बाण होता, हवा कुठून कुठे जाते ते दाखवणारा. तिने तो श्रीपादला दाखवला. "कुठे हवा?"

"खाली. पुस्तकात खाली आहे," श्रीपाद म्हणाला. पुस्तक कधीचं त्याच्याच हातात होतं.

फिल्टर सरकत आत गेला. झाकणाची एक खिट्टी बसली. तुटलेल्या खिट्टीच्या जागी तिने चंदेरी चिकटपट्टी लावली, नखाने घासून पक्की केली. दोरी अडकवली, खण वर ढकलला, तो खटकन बसला. आरशाचं कागदी झाड तिने ओढून काढलं आणि श्रीपादच्या शर्टाच्या खिशात खोचलं. पंखा चालू केला. पूर्ण जोरात.

नुसती हवा आली. कशाचाही वास नसलेली.

"झालं?" श्रीपादने विचारलं.

"झालं. आता आत जा आणि लसूण सोल."

सोमवारी सकाळी स्नेहलता गाडीपाशी आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. वांग्याची भाजी, वरून हिंग-मोहरीची फोडणी, शैलाताईंनी स्वतः घातलेली, आणि हात आखडता न घेता. मागच्या सीटवर ऊर्जा कानात इअरफोनची बोंडं घालून बसली. स्नेहलताने डबा पूर्वी डिकीत ठेवला असता, पिशवीत गुंडाळून. आज तिने तो शेजारच्या सीटवर ठेवला. मधोमध. आणि गाडी चालू केली.

दाराशी रेनाटे उभी होती. हातात पर्स, चेहऱ्यावर बसच्या वेळेचा विचार. बस यायची ती चौकातून, आणि चौक उजवीकडे होता. रेनाटे डावीकडे वळली, गाडीपाशी आली आणि दार उघडलं.

सीटवर डबा.

दोघींनी डब्याकडे पाहिलं. मग एकमेकींकडे.

"गुटन मॉर्गन," स्नेहलता म्हणाली. डबा तिने हलवला नाही. हात स्टिअरिंगवर होते, ते तिथेच राहिले.

रेनाटे क्षणभर दारात तशीच उभी. मग तिने डबा उचलला, बसली, आणि तो मांडीवर घेतला. लगेच दोन्ही हात वर केले.

"गरम आहे!"

"आत्ताच भरलाय. खाली रुमाल घ्या."

रेनाटेने पर्समधून रुमाल काढला, डब्याखाली घातला. गाडी निघाली. शाळा आली. ऊर्जाने आज गल्ली अलीकडे थांबवायला सांगितलं नाही. की विसरली, कोण जाणे. फाटकासमोर उतरली आणि दार आपटून गेली.

मुळ्याची शेतं लागली. फोडणीचा वास हळूहळू गाडीभर पसरला, खमंग आणि निर्लज्ज. रेनाटेचं बोट खिडकीच्या बटणाकडे गेलं. काच दोन बोटं खाली आली.

स्नेहलताने डावा हात आपल्या दाराकडे नेला. तिथे चारही खिडक्यांची बटणं होती. तिने एक दाबलं. काच वर गेली.

"नवा फिल्टर आहे," ती म्हणाली. "कार्बनचा. हवा त्यातून येऊ दे."

रेनाटेने बंद काचेकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"काय आहे आत?"

"वांगं."

"आणि हा वास?"

"हिंग," स्नेहलता म्हणाली, आणि गियर टाकला.